संशयाचा फायदा

आमच्या घरी कोंबड्या आईच्या. घर माझ्या नावावर आहे, परसातला फणस वडिलांनी लावलेला आहे. पण खुराडे आणि त्यातले बारा जीव यांच्यावर सत्ता चालते ती आईची. अंडी कोणाला द्यायची, कोणती तलंग ठेवायची, गटारीला कोणता कोंबडा कामी यायचा, हे ती ठरवते. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाला कोंबड्यांतले काय कळणार, असे तिचे मत आहे आणि ते खोटे नाही.

यंदा घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला परसात हाक मारली. मृगाच्या पावसात अंड्यातून निघालेली तांबडी तलंग खुराड्याच्या दाराशी पडली होती. एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे. धावता धावता कोणी तिला तशीच जमिनीवर निजवली असावी, तशी. डोळे मात्र लख्ख. पुढे तांदळाची कणी टाकली, तर मान लांब करून टिपू लागली.

आईने पंजात काटा आहे का ते पाहिले, मांडी दाबून हाड पाहिले, कोमट खोबरेल चोळले. शेजारच्या काकी कुंपणावरून म्हणाल्या, "मानमोडी असेल हो. आजच कापा, नाहीतर सगळ्या जातील." त्यांच्या यजमानांचा सल्ला अधिक व्यवहारी होता : दसऱ्यापर्यंत तग धरला तर रस्सा करावा; उगाच वाया का घालवा? माझी मुलगी काही बोलली नाही. तिने डालगे आणले, खाली गवत घातले, आणि पाण्याची वाटी चोचीला पुरेल अशी ठेवली.

तालुक्याच्या गावी गुरांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांनी तिला उलटीसुलटी करून पाहिले. मान वाकडी नाही, हिरवी हगवण नाही, बाकीच्या अकरा धडधाकट. तेव्हा मानमोडी, म्हणजे राणीखेत, वाटत नाही, असे ते म्हणाले. (कुमाऊँतल्या त्या देखण्या गावाचे नाव आमच्या खेड्यात कोंबड्यांच्या मरीमुळे पोचावे, हे त्या गावाचे दुर्दैव.) जीवनसत्त्व कमी पडून बोटे मुडपतात, पण ते बहुधा लहान पिलांना. वय चार महिने, पाय असे एक पुढे एक मागे, म्हणून त्यांना संशय होता तो मरेक्सचा.

हंगेरीतल्या योझेफ मारेक नावाच्या पशुवैद्याने १९०७ साली पाय लुळे पडलेल्या कोंबड्यांचे वर्णन केले, त्यांच्यावरून हे नाव. त्याचा विषाणू ओळखू आला तो १९६७ मध्ये, आणि मग तीनचार वर्षांत लसही निघाली. ती द्यायची पिलू एक दिवसाचे असताना. खुडूक कोंबडीखाली घरच्या घरी निघालेल्या पिलांना ती कोण देणार? रोग एकदा दिसू लागला की औषध नाही. माणसाला तो होत नाही. पण पिसांच्या मुळातून विषाणू कोंड्याबरोबर गळतो, धूळ होतो आणि त्या धुळीत महिनेच्या महिने राहतो.

"नक्की हाच रोग आहे का?" मी विचारले.

"नक्की सांगायचं तर कापून बघावं लागेल, गुरुजी. मांडीतली मज्जातंतूची दोरी एका बाजूला जाड झालेली दिसते."

परतताना एस्टीत डालगे मांडीवर घेऊन मी याच वाक्यापाशी अडकलो. रोग आहे म्हणून मारावे, तर रोग आहे हे मारल्यावाचून कळायचे नाही. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला देतात. इथे तो कोणाला द्यायचा? या एकीला, की घरच्या अकरांना?

अकरांच्या नावाने कापणे सोपे होते. काकींचे म्हणणे तेच होते, आणि मलाही ते सोयीचे वाटत होते. पण डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती : पाय ताणला जातो त्याच्या किती तरी आधीपासून ती धूळ अंगणभर पसरलेली असते. म्हणजे अकरांनी ती केव्हाच हुंगली असणार. आता तिला कापून अकरांचे फारसे काही वाचणार नव्हते. माझ्या मनाला तेवढा कारणाचा टेकू मिळणार होता. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखांवर कोंबड्या मारल्या, धडधाकटसुद्धा. तिथे माणसांच्या जिवाचे भय होते. त्या मारण्याला मी नाव ठेवणार नाही. पण त्या मोठ्या कारणाचा सदरा अंगात घालून आपल्या परसात सुरी उचलणे मला पटेना.

मग दुसरे कारण पुढे आले, दयेचे. आपण म्हणतो, "हाल बघवत नाहीत." नीट ऐकले तर या वाक्यात तक्रार हाल होणाऱ्याची नाही, बघणाऱ्याची आहे. कोंबडी कणी टिपत होती. बघवत नव्हते ते मला. गंमत अशी की गटारीला याच परसात धावता कोंबडा कापला गेला तेव्हा मी ओटीवर बसून पानाला चुना लावत होतो. भूक हे कारण मला इतके पुरेसे वाटले होते की त्याची कोणी उलटतपासणी केली नाही. आणि कादंबरीत तर मी दोनदा माणसे मारली आहेत, तीही केवळ प्रकरण लांबत होते म्हणून.

आईला या तर्कटात रस नव्हता. ती म्हणाली, "खातेय तोवर तिचं तिचं चाललंय. खायची थांबली की बघू." इतकी स्वच्छ कसोटी मला दहा पुस्तकांत मिळाली नसती. आम्ही ती मानली.

दसऱ्याच्या दिवशी दुसरा पाय गेला. मग एक पंख लोळू लागला. तरी ती खात होती. मात्र खाल्लेले गळ्याखालच्या पिशवीतच राहू लागले. सकाळी हात लावला तर आदल्या दिवशीची कणी तशीच, कणकेच्या गोळ्यासारखी. मुलगी पुढे दाणे धरी, ती टिपे, आणि पोटात काही जात नसे. आईची कसोटी शब्दाने पाळली जात होती, अर्थाने मोडली होती. आई बराच वेळ डालग्यापाशी उकिडवी बसली. मग म्हणाली, "आता तू कर. शेजाऱ्याला बोलावू नकोस."

ते मी केले. कसे केले, ते दिवाळीच्या अंकात सांगण्यासारखे नाही.

नंतर मी तिला पुन्हा दवाखान्यात नेले. आईला हे नापसंत होते, "आता कळून काय करणार आहेस?" ती म्हणाली. डॉक्टरांनी दोन्ही मांड्या उघडून दाखवल्या. उजवीकडची दोरी बारीक, पांढरी, चकचकीत. डावीकडची तिच्या दुप्पट जाड आणि पिवळसर. ती बघताच माझ्या मनात पहिली भावना आली ती सुटकेची, जवळजवळ आनंदाची. गुन्हा शाबीत झाला! कोंबडीचा गुन्हा. दवाखान्याच्या पायरीवर येईपर्यंत मला त्याची लाज वाटली. दोन्ही दोऱ्या सारख्याच निघाल्या असत्या, तर तिला गिळता येत होते असे थोडेच झाले असते? ज्या कारणाने मी सुरी उचलली ते त्या डालग्यात पुरते दिसले होते. मला पावती कशाला हवी होती?

घरी आलो तेव्हा मुलीने विचारले, "बाबा, बाकीच्यांना पण आहे?"

"अंगात असेल. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही."

"आणि नवीन पिल्लांना?"

अंड्यातून हा रोग उतरत नाही. पण पिलू बाहेर पडून परसात चार पावले चालले की त्या धुळीतच चालणार. लसीची चौकशी मी केली. कुपी असते ती शेकडो पिलांची, आणि मिसळली की तासादोनतासांत संपवायची. आमच्याकडे निघणार नऊ. लस टोचलेली पिले विकत आणावीत, असे डॉक्टर म्हणाले. मीही आईला तसे सांगितले. तिने ऐकून घेतले.

काल संध्याकाळी पाहतो तो पडवीच्या कोपऱ्यात करडी खुडूक टोपलीत पिसे फुलवून बसली होती. खाली नऊ अंडी होती. आईने कोळशाने त्यांच्यावर खुणा केल्या होत्या. मी काही बोलण्यापूर्वीच ती म्हणाली, "परसातली वरची माती खरवडून काढ, गुरुजी. खुराड्यातलं गवत जाळ, चुना घाल. एकवीस दिवस आहेत तुला."

आज सुटी आहे. सकाळपासून माती काढतो आहे.