कुंडीला भोक आहे का?

माझा सोनचाफा मेला तेव्हा त्याच्यावर सात जणांचा इलाज चालू होता. कलमी रोप, कमरेएवढं. आणलं त्याच आठवड्यात दोन फुलं देऊन त्याने घर भारून टाकलं होतं. मग खालची पानं पिवळी पडायला लागली आणि मी भेटेल त्याला विचारत सुटले. कुणी आंबट ताक घालायला सांगितलं, कुणी निंबोळी पेंड, कुणी केळ्याच्या सालींचं पाणी. एकीने एप्सम सॉल्टची पुडीच हातावर ठेवली. ऑफिसातल्या एकाने फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि ‘लोह कमी पडतंय’ असं निदान केलं. नात्यातल्या एका आजींनी दृष्ट काढायला सांगितली. मी तीही काढली, खोटं कशाला बोलू? सातवा सल्ला होता ‘पाणी वाढव’. तो मी सगळ्यात मनापासून पाळला, कारण तो पाळायला सोपा होता.

सोसायटीचे माळीकाका एके दिवशी पाण्याच्या पाइपसाठी वर आले. त्यांनी काही न विचारता कुंडी तिरकी केली, तळावरून हात फिरवला आणि म्हणाले, “ताई, हिला खालून भोकंच पाडलेली न्हाईत.” प्लास्टिकच्या पुष्कळ कुंड्यांच्या तळाला नुसते गोल आखलेले असतात. त्यांवरचा पातळ पापुद्रा आपण फोडायचा असतो. ते मला ठाऊक नव्हतं. काकांनी रोप मातीच्या गोळ्यासकट उपसून काढलं तेव्हा तुंबलेल्या मोरीसारखा वास आला. एक मूळ त्यांनी चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत पांढरा दोरा तेवढा राहिला. “गेलं हे,” ते म्हणाले आणि पाइप बघायला वळले.

सात जणांपैकी एकानेही कुंडीला भोक आहे का, हे विचारलं नव्हतं. आणि मीही ते सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते काही आहे हेच माहीत नव्हतं.

झाडांच्या बाबतीत सल्ला देण्याघेण्याची सगळी अडचण या दोन वाक्यांत आहे असं मला तेव्हापासून वाटतं. रोगी बोलत नाही, वैद्याला रोगी दिसत नाही, आणि मध्ये जो नातेवाईक उभा आहे त्याला काय सांगावं आणि काय वगळावं याचा अंदाज नाही. तो फक्त लक्षण सांगतो: पानं पिवळी पडली, माना टाकल्या. लक्षण तर असं की दोन उलट कारणांना एकच. पाणी कमी पडलं तरी झाड मान टाकतं आणि जास्त झालं तरी टाकतं. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. तिथे पाणी ठाण मांडून बसलं की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. मालक ते कोमेजलेलं पाहतो आणि तांब्या घेऊन धावतो. ‘पाणी वाढव’ हा सल्ला म्हणूनच निम्म्या वेळा बरोबर ठरतो आणि उरलेल्या निम्म्या वेळा जीव घेतो.

बरं, झाडाचं नाव तरी नीट सांगता येतं का? आपल्याकडे ‘माझा चाफा सुकतोय’ असं म्हणणाऱ्याला आधी विचारायला हवं की बाई गं, कुठला? सोनचाफा बारा महिने हिरवा; त्याची पानं धडाधड गळायला लागली तर काळजी करावी. पांढरा चाफा, देवळापुढे असतो तो, मुळात अमेरिकेतून आलेला. तो थंडीत पानं झाडून नुसत्या फांद्यांवर उभा राहतो आणि त्यात त्याला काहीही झालेलं नसतं. हिरवा चाफा म्हणजे आधार शोधत पसरणारी वेलवजा झुडपी जात. नागचाफा हा तर वृक्षच, कुंडीत ठेवण्याची हौस करू नये. आणि भुईचाफा! तो हिवाळ्यात जमिनीवर दिसेनासाच होतो. उन्हाळ्यात पानांच्या आधी थेट मातीतून फूल काढतो. किती जणांनी त्याची ‘मेलेली’ कुंडी रिकामी करून कंद फेकून दिले असतील, देव जाणे. नाव एक, घराणी वेगळी, दुखणी वेगळी. उत्तर देणारा मात्र आपल्या अंगणातला चाफा डोळ्यांसमोर आणतो आणि दुसऱ्याच्या चाफ्याला औषध देतो.

जागेचंही तसंच. इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांतून उचललेला ‘दक्षिणेची खिडकी द्या’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास फिरतो. तिकडे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेलाच असतो, त्यांचं बरोबर आहे. पुण्या-मुंबईत शून्य सावली दिवस येतो मेच्या मध्याला, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला. या दोन तारखांच्या मध्ये भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीतली गुलाबाची कुंडी जूनमध्ये उन्हाची वाट पाहत बसते. पश्चिमेच्या बाल्कनीत तर एप्रिलच्या दुपारी कठड्याला हात लागला तरी चटका बसतो, तिथे ‘भरपूर ऊन’ या शब्दाचा अर्थच बदलतो. पुण्यात चार तास ऊन म्हणजे काय आणि नागपुरात मे महिन्यात चार तास ऊन म्हणजे काय, हे एका आकड्यात मावत नाही.

म्हणून मला वाटतं, झाडं पाळणाऱ्यांचं एखादं मंडळ काढायचं झालं तर त्याचा पहिला नियम असा असावा: ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याने आधी तीन प्रश्न विचारावेत. भोक आहे का? ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? बोट मातीत दोन पेरं घातलं तर काय लागतं? यांत शास्त्र फारसं नाही. पण उत्तर देण्याची घाई असलेल्या माणसाला प्रश्न विचारायला लावणं महाकठीण, कारण प्रश्न विचारणारा हुशार दिसत नाही, उपाय सांगणारा दिसतो. आणि विचारणाऱ्यालाही खरं तर निदान नकोच असतं. ‘तुझी काही चूक नाही, मातीच वाईट होती’ एवढं ऐकायचं असतं. मला स्वतःला तेच हवं होतं.

कढीपत्त्याला ताक घालण्याचं घ्या. दर जानेवारीत कुणीतरी रडवेलं होऊन सांगतं की कढीपत्ता वाढतच नाही. कुणीतरी ताक सांगतं. फेब्रुवारी-मार्चात कोवळी तांबूस पालवी फुटते आणि ताकाचा जयजयकार होतो. पण कढीपत्ता थंडीत मंदावतो आणि ऊब आली की फुटतो, हा त्याचा स्वभावच आहे. ताक न घालता, नुसती आरती केली असती तरी तो मार्चात फुटलाच असता. ताकाने अपाय होतो असं मी म्हणत नाही. मला त्याचा उपयोग कळलेलाच नाही, आणि कळायचा असेल तर शेजारी दुसरी कुंडी बिनताकाची ठेवायला हवी. ती कुणी ठेवत नाही. ‘स्नेक प्लांट रात्री प्राणवायू सोडतो’ हेही असंच हातोहात पसरलेलं. ते झाड रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, एवढं खरं. प्राणवायू मात्र उजेडातच तयार होतो. अर्धं सत्य आणि एक सुंदर झाड एकत्र आले की कुणाला मोह आवरतो?

मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो, या समजुतीवर मात्र माझा थोडा विश्वास आहे. चोरायचा तो शेजाऱ्याचा. म्हणजे त्याच इमारतीच्या उजेडाची, त्याच टाकीच्या पाण्याची सवय असलेली फांदी मिळते. दूरवरून ट्रकने आलेल्या, लाल चिकणमातीच्या गोळ्यात आवळलेल्या रोपापेक्षा ती जगण्याची शक्यता जास्तच.

पण सल्ल्यांचा खरा घोळ अज्ञानात नाहीच, असं मला वाटतं. तो पुढे काय झालं हे न कळण्यात आहे. ज्याचं झाड जगतं तो पेढे वाटल्यासारखा सांगत फिरतो. ज्याचं मरतं तो गप्प बसतो, कुंडी पालथी करून गॅलरीच्या कोपऱ्यात सरकवतो. त्यामुळे प्रत्येक उपायाच्या खात्यावर फक्त जमा होते, नावे काहीच पडत नाही. मीही त्या सात जणांपैकी एकालाही कळवलं नाही. लोह कमी असल्याचं सांगणारे गृहस्थ आजही त्याच आत्मविश्वासाने निदान करत असतील, आणि त्याला मी जबाबदार आहे.

महाराष्ट्रात हे खातं नीट लिहिण्याचा एक मोठा प्रयत्न झालेला आहे. श्रीपाद अच्युत दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. पण त्यांचं नाव राहिलं ते ‘प्रयोग परिवार’मुळे. शेतकऱ्याने आपल्या बागेत डोळे उघडे ठेवून पाहायचं, केलेलं टिपून ठेवायचं, ते दुसऱ्यासमोर मांडायचं आणि दुसऱ्याने ते आपल्या रानात पडताळून बघायचं, अशी ती रीत. वरून कुणी तज्ज्ञ येऊन सांगणार नाही. जो तो एकाच वेळी विद्यार्थी आणि मास्तर. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी या वाटेने फार मोठी मजल मारली. त्या मुलखातल्या बागायतदारांची नजर अशी की थॉम्पसन सीडलेसच्या वेलींमधला वेगळेपणा हेरून त्यांनी ‘तास-ए-गणेश’ हे वाण निवडून वाढवलं. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं, असा दाभोलकरांचा हिशेब होता, आणि शहरातल्या गच्चीवरच्या शेतीलाही त्यांनी हाच विचार लावला. याच विचाराने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या उभ्या केल्या.

द्राक्षवाल्यांनी टिपणं ठेवली कारण काडी चुकली तर वर्ष बुडतं. आपलं काय बुडतं? दोनतीनशे रुपयांचं रोप. तेवढ्यासाठी वही कोण घालणार? म्हणून शहरातल्या हौशी मंडळात शिस्तीची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही; लाज घालवता आली तरी पुष्कळ. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. ताटाएवढे डेलिया, बक्षिसाच्या चिठ्ठ्या लावलेले गुलाब, समोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी. मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी खट्टू होऊन परत येते. माझ्या मनातल्या मंडळात प्रदर्शन भरलं तर एक टेबल मेलेल्या झाडांचं असेल. वाळकं खोड, शेजारी चिठ्ठी: कधी आणलं, कुठे ठेवलं, काय काय केलं, कधी गेलं. मला वाटतं गर्दी तिथेच होईल.

आणि त्या मंडळात माळीकाकांना खुर्ची असेल. ते आमच्या सोसायटीत चाळीस बाल्कन्यांना पाणी घालतात. मातीच्या कुंडीवर बोटाच्या पेराने टकटक करतात. आवाज पोकळ आला तर कोरडी, बद्द आला तर अजून ओल आहे. हे त्यांना मी कधी विचारलं नव्हतं, कारण ते ‘पाणी घालायला’ येतात अशी माझी समजूत होती. आपण सल्ला विचारतो तो आपल्यासारख्यांना. ज्याच्या नखांत माती असते त्याला पगार विचारतो.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा हातगुण सगळ्या इमारतीत प्रसिद्ध आहे. त्यांनी काठी खोचली तरी तिला पालवी फुटते, असं बोललं जातं. चाफा गेल्यावर महिनाभर मी त्यांना टाळत होते, कारण ते रोप आणायला त्याच माझ्याबरोबर आल्या होत्या. शेवटी जिन्यात गाठ पडलीच. मी भोकाचं सगळं सांगून टाकलं.

“अगं, आत ये,” त्या म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेलं होतं. त्यात दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, आणि मधूनमधून बारीक अक्षरात आणखी काहीतरी. त्यांनी पानं मागे उलटली. १४ जानेवारीच्या चौकोनात ‘जास्वंद – पिठ्या ढेकूण’. पुढे फेब्रुवारीत ‘जास्वंद गेली’. ‘मोगरा हलवला’. ‘चाफा २ गेला’. मग त्यांनी कपाटातून आधीच्या वर्षाचं काढलं, त्याच्या आधीचंही काढलं. ‘चाफा १ गेला’ त्यात होतं. लिंबू दोनदा गेलं होतं. मी मोजायला लागले आणि एकतिसाव्याला थांबले.

“हे कुणाला सांगितलं नाहीत कधी?”

“कुणी विचारलंच नाही गं. सगळे फुलंच बघायला येतात.” त्यांनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. “ती कुंडी टाकली नाहीस ना? आण वर. माझ्याकडे जुना स्क्रूड्रायव्हर आहे, गॅसवर तापवून भोकं पाडू.”