बुजऱ्या घोड्याचं अभय

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात शेतांमधून जाणाऱ्या काही वाटा पायी चालणाऱ्यांना, घोडेस्वारांना आणि सायकलवाल्यांना कायद्यानं खुल्या आहेत. त्यांना ब्राइडलवे म्हणतात, आणि निळ्या बाणाच्या खुणेवरून त्या ओळखू येतात. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर जाणारी झुडपी कुंपणं, मधे चिखल, पुढे झाडांची गर्द सावली. बुजरा घोडा घेऊन अशा वाटेवर निघालेल्या स्वाराची गाठ लांडग्याशी पडायची नसते. तारेला अडकून फडफडणारी खताची रिकामी पिशवी, झुडपातून एकदम भुर्रकन उठलेला फेझंट, काल इथे नसलेला काळ्या प्लास्टिकातला गवताचा गठ्ठा, एवढंच. पण घोडा थबकतो, मान ताठ करतो, कान रोखतो, फुरफुरतो, आणि पुढच्या क्षणी ते अर्ध्या टनाचं जनावर आडवी उडी घेतं किंवा मागे फिरून उधळतं. ती पिशवीच आहे हे पाठीवरच्या माणसाला ठाऊक असतं, पण घोड्याला ते समजावून सांगायची सोय नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते, आणि जैन परंपरेनं अभयदानाला दानांमध्ये फार वरचं स्थान दिलं. हे दान आपण बहुधा कसायाच्या दारातून सोडवलेल्या जनावरापुरतं समजतो. तिथे देणाऱ्याचं काम सोपं असतं, सुरी बाजूला ठेवली की झालं. भीती समोरच्याच्या आत असेल आणि शब्द पोचत नसतील, तर अभय देता येतं का? येत असेल, तर देणाऱ्यावर कोणतं बंधन येतं? माझं म्हणणं असं की ते देता येतं. पण ते एक वचन असतं, आणि धोका खरोखर जोखून तो स्वतःवर घेण्याची ज्याची तयारी आहे त्यालाच ते देण्याचा अधिकार पोचतो. मनाची नुसती शांती त्याला पुरत नाही.

घोडा आणि स्वार यांच्याविषयी तत्त्वज्ञानात जे बोललं गेलं, त्यात या प्रश्नाला फारशी जागा नव्हती. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा रथाचा स्वामी. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये जीवाच्या रथाला दोन घोडे आहेत, एक गुणी आणि एक उनाड. त्या उनाडाला सारथी इतका करकचून खेचतो की त्याचं तोंड रक्तबंबाळ होतं. दोन्हीकडे घोड्याचा दोष एकच मानला आहे, तो म्हणजे हाव. विषय दिसला की तो तिकडे धावतो, म्हणून त्याला आवरायचं. बुजरा घोडा मात्र वस्तूकडे धावत नाही, वस्तूपासून पळतो. हावेला लगाम हे उत्तर असू शकतं. भीतीला ते उत्तर नव्हे, कारण करकचलेला लगाम पळण्याची वाट बंद करतो आणि शिकार होण्यासाठी जन्मलेल्या प्राण्याला पळण्याची वाट बंद होणं हीच सगळ्यात मोठी भीती असते. शिवाय त्याची भीती अडाणीपणाची नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळासमोरचा आणि शेपटामागचा थोडा भाग अजिबात दिसत नाही. उन्हातून सावलीत शिरताना त्याच्या डोळ्यांना सरावायला माणसाहून जास्त वेळ लागतो. झाडांच्या कमानीशी तो अडतो तेव्हा त्याच्या लेखी समोर खरोखरच काळोखी गुहा असते. जाताना डाव्या डोळ्यानं पाहिलेला दगड येताना उजव्या बाजूला आला की तो पुन्हा बिचकतो, हा तर सगळ्या स्वारांचा अनुभव आहे.

ही भीती मारून जात नाही हे फार पूर्वीच ओळखलं गेलं होतं. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफननं अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला. घोडदळातला माणूस, सॉक्रेटिसाचा सहवास लाभलेला. पण या ग्रंथात तो प्लेटोच्या सारथ्याच्या अगदी उलट बोलतो. त्याचं म्हणणं असं की घोडा एखाद्या वस्तूला बिचकला तर तिच्यात भिण्यासारखं काही नाही हे त्याला हळुवारपणे दाखवावं, स्वतः त्या वस्तूला हात लावावा, मग त्याला जवळ न्यावं. फटके मारले तर भीती वाढते, कारण आपल्याला होणारं दुःख त्या वस्तूमुळेच होतंय असं घोड्याला वाटतं. बुजण्याचं इतकं नेमकं निदान त्यानंतरच्या कित्येक उस्तादांनाही जमलेलं नाही. त्याला पूरक असा एक प्रयोग स्वीडनच्या कृषी विद्यापीठातल्या लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी घोडे एका ठरावीक अंतरावरून अनेकदा न्यायचे, कधी हातात धरून, कधी वर बसून. शेवटच्या फेरीआधी माणसांना सांगितलं, की या वेळी तुम्ही जाताना एक छत्री अचानक उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. वर बसलेल्यांनी नकळत लगाम आखडता घेतला होता. घोड्याला छत्रीची सूचना कुणी दिली नव्हती. त्याच्यापर्यंत पोचलं ते फक्त माणसाचं भय. म्हणजे भय संक्रमित होतं यात शंका नाही. अभयही तसंच जातं का, हे या प्रयोगानं सिद्ध होत नाही. पण वाट तीच आहे, मांडीच्या पकडीतून, श्वासातून, हाताच्या वजनातून जाणारी.

इथे पहिला आक्षेप येतो, की हे सगळं यंत्रासारखं आहे. देकार्तनं 1637 मध्ये जनावरं म्हणजे यंत्रं असं मांडलं, आणि आजचा प्रशिक्षक आत्म्याचं नाव न घेता तेच सांगेल: ठोके, स्नायू, सवय. यात दान कुठे आणि धर्म कुठे? पण ज्या मार्गानं एखादी गोष्ट पोचते तो मार्ग शरीराचा आहे, एवढ्यानं ती गोष्ट देणाऱ्याची राहत नाही असं होत नाही. घोड्याला आपल्या बेतांचं काही कळत नसलं तरी बेत आपलेच असतात, आणि त्यांची जबाबदारीही आपलीच. दुसरा आक्षेप जास्त घरचा आहे. पंढरीच्या वारीत माउलींच्या पालखीपुढे रिंगण होतं, टाळ-मृदंगांच्या गजरात आणि अफाट गर्दीच्या मधोमध दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी, तो माउलींचा. पाठीवर धीर देणारा माणूस नसताना तो घोडा बुजत का नाही? वारकऱ्याचं उत्तर श्रद्धेचं आहे, त्याच्याशी वाद घालण्याचं मला कारण दिसत नाही. पण श्रद्धा बाजूला ठेवूनही उत्तर मिळतं: पुढे दुसरा घोडा आहे. घोडा कळपाचं जनावर, सोबत्याकडे बघून तो धीर धरतो. म्हणून तर बुजऱ्या घोड्याला रानवाटेवर काढताना पुढे एखादा म्हातारा, मुरलेला घोडा ठेवतात. तेव्हा अभय हे मुळात उसनं घेण्याजोगं असतं, आणि स्वार त्या म्हाताऱ्या घोड्याची जागा घेऊ पाहतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा बोचरा आहे. ज्यानं घोड्याला कळपातून काढून पिशवीसमोर उभं केलं, तोच त्याला अभय देतो म्हणतो. आग लावून पाणी वाटण्यातला हा प्रकार नव्हे का? अंगुत्तर निकायात केसी नावाच्या अश्वदमकाची कथा आहे. तो बुद्धाला सांगतो, की मी घोडा मऊपणानं शिकवतो, कठोरपणानं शिकवतो, दोन्ही मिसळून शिकवतो. आणि तरीही शिकला नाही तर मारून टाकतो, माझ्या गुरुकुलाला बट्टा लागू नये म्हणून. या बोलण्यात एक भीषण प्रामाणिकपणा आहे. शिक्षणाचा सगळा मऊपणा शेवटी मालकाच्या सोयीचा आहे, हे तो लपवत नाही. (बुद्धाचं उत्तर, की जो शिकत नाही त्याला मीही ‘मारतो’, म्हणजे उपदेश करणं सोडतो, हे पुष्कळ सौम्य आहे, कारण उपदेश सोडून दिलेला माणूस निदान जिवंत असतो.) याहून मोठं उदाहरण युद्धाचं. 14 जुलै 1916 रोजी सोमच्या लढाईत हाय वुडजवळ सातव्या ड्रॅगून गार्ड्सबरोबर विसावी डेक्कन हॉर्स ही हिंदुस्थानी पलटण घोड्यांवरून मशीनगनच्या माऱ्यात शिरली. लष्करी घोड्यांना आवाजाची, धुराची, गर्दीची भीती वाटू नये म्हणून महिनोन्महिने तालीम दिली जायची. स्वारही शूर असायचे, आणि त्यातल्या कित्येकांचं आपल्या घोड्यावर जीवापाड प्रेम असायचं. पण तिथे घोड्याला बुजू न देणारा शांत हात त्याला खोटं सांगत होता. बुजून पळणं हाच त्याच्या बाजूनं शहाणपणा होता.

म्हणूनच समत्वाची जी नेहमीची स्तुती आपल्याकडे होते तिला मी इथे मर्यादा घालू इच्छितो. सुखदुःखात सारखा राहणारा माणूस चांगला स्वार होईल असं वाटतं, आणि अर्धं ते खरंही आहे. चिडका किंवा घाबरट माणूस या वाटेवर निरुपयोगी. पण ज्याला काहीच धोका वाटत नाही त्याच्या शांतीत समोरच्याची विचारपूस नसते. डार्टमूरच्या माळावर वरून हिरवीगार दिसणारी पण खाली पाणी भरलेली दलदल असते. तिथे घोडा पाय टाकायला नकार देतो तेव्हा तोच बरोबर असू शकतो. अभय देणाऱ्यानं आधी घोड्याच्या भीतीला साक्षीदारासारखं ऐकायला हवं. साक्ष ऐकून ती चुकीची ठरली, तरच पुढे चल म्हणण्याचा हक्क मिळतो. कुणी म्हणेल, यात अभिनय चालेल की. आतून घाबरलेला स्वार बाहेरून शांत राहिला तर काय बिघडलं? छत्रीचा प्रयोग सांगतो की तो अभिनय फार काळ टिकत नाही, आखडलेला लगाम बोलून जातो. पण टिकला तरी प्रश्न उरतोच. समजा एखाद्यानं आपला थरकाप पूर्ण झाकला आणि घोड्याला ज्या वाटेवर नेलं ती खरंच सुरक्षित होती, तर ते अभय खरं आहे, कारण वचन पाळलं गेलं. आणि निर्विकार मनाच्या माणसानं त्याला दलदलीत घातलं, तर त्याच्या मनःशांतीची किंमत शून्य.

तेव्हा घोड्यावर बसूच नये, हा निष्कर्ष यातून निघतो का? अहिंसेचा कडक अर्थ घेणारा तसं म्हणू शकतो, आणि त्याला खोडून काढणं सोपं नाही. माझं उत्तर एवढंच, की माणसांच्या राज्यात जन्मलेल्या घोड्याची पिशव्या, ट्रॅक्टर आणि मोटारी यांच्यापासून सुटका स्वार उतरल्यानं होत नाही. त्या जगात कमी भीतीनं वावरायला त्याला कुणीतरी शिकवणं भाग आहे. ब्रिटनच्या रस्तासंहितेत 2022 मध्ये झालेल्या बदलांनुसार घोड्याजवळून जाताना मोटारीनं निदान दोन मीटर अंतर ठेवावं आणि वेग ताशी दहा मैलांखाली आणावा असं सांगितलं आहे. म्हणजे हे देणं एकट्या स्वाराचं नाही, वाटेवरच्या प्रत्येकाचं आहे. आणि स्वारांमध्ये जो एक जुना वाद चालतो, की घोडा बुजला तर खाली उतरावं की वरच बसून राहावं, त्यातही याच कसोटीवर मी उतरणाऱ्यांच्या बाजूला आहे. उतरलात तर घोडा जिंकला, पुढच्या वेळी मुद्दाम करील, असं वर बसणारे म्हणतात. ते भीतीला हट्ट समजतात. खाली उतरून, लगाम सैल ठेवून, घोडा आणि पिशवी यांच्या मधल्या बाजूनं चालणारा माणूस झेनोफननं सांगितलं तेच करतो. आणि पिशवीच्या जागी खरोखर काही वाईट निघालं, तर ते आधी त्याच्या अंगावर येईल.