ज्याचं जळतं, त्याला बोलू द्या

2018 च्या पावसाळ्यात केळापूर आणि राळेगाव तालुक्यांतल्या जंगलाकाठच्या गावांना डवरणीला किंवा गुरं चारायला एकट्यानं जायची सोय उरली नव्हती. पांढरकवडा वनविभागातल्या टी-1 या वाघिणीवर दोन वर्षांतल्या 13 मृत्यूंचा ठपका होता. वन्यजीवप्रेमींनी तिचं नाव अवनी ठेवलं आणि त्या नावानं जगभर मोहीम उभी राहिली. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं, गरज पडली तर तिला मारण्याच्या वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. गावांत फटाके फुटले, शहरांत निषेध झाले. मारताना नियम पाळले गेले का, हा प्रश्न रास्तच होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं त्याची चौकशीही केली. खटकलं ते वेगळं. ज्यांनी पांढरकवडा नकाशावरही शोधलं नव्हतं, त्यांनी एका रात्रीत गावकऱ्यांना रानटी ठरवून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

या खोडीवर इस्लामी परंपरेनं फार बारकाईनं विचार केला आहे आणि आपल्याकडे त्याची दखल फारशी कुणी घेत नाही. तिर्मिझींच्या हदीस-संग्रहात पैगंबरांचं एक वचन आहे. आपला संबंध नसलेल्या गोष्टी सोडून देणं ही माणसाच्या इस्लामची शोभा आहे, असा त्याचा आशय. तेराव्या शतकात सीरियातल्या इमाम नववींनी धर्माचं सार म्हणून 42 वचनं निवडली, त्यांत हे बारावं. मदिनेच्या इमाम मालिकांची गोष्टही सांगतात. त्यांना 48 प्रश्न विचारले गेले, त्यांतल्या 32 प्रश्नांना त्यांनी ‘मला ठाऊक नाही’ एवढंच उत्तर दिलं. ज्यांच्या नावानं पुढे एक अख्खा न्यायपंथ चालला, त्या माणसाची ही गोष्ट. आपल्याकडच्या वाहिन्यांवरच्या चर्चेत असा पाहुणा दुसऱ्यांदा बोलावला जाणार नाही.

कुरआनातली हुजुरात ही सूरा तर सगळी वागण्या-बोलण्याच्या शिस्तीचीच. बातमी आली तर आधी खातरजमा करा, संशय टाळा, कुणाची गुपितं हुडकू नका, पाठीमागे कुणाची निंदा करू नका, असं ती बजावते. अशी निंदा म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, इतका जहरी दाखला तिथे दिला आहे. पाठीमागच्या या निंदेला गीबत म्हणतात. गीबतीची पैगंबरांनी केलेली व्याख्या मला सगळ्यांत अवघड वाटते. सांगितलेली गोष्ट खरी असली, तरी ज्याच्याबद्दल ती आहे त्याला ती आवडणारी नसेल, तर ती गीबतच. खोटी असेल तर ते कुभांड, म्हणजे आणखी मोठं पाप. ‘मी खरं तेच बोललो’ ही आपली हुकमी ढाल इथे चालत नाही.

खलिफा उमर यांच्याबद्दलची एक कथा या शिस्तीचा कस दाखवते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत उतरले. घरातला माणूस दारू पीत होता. तो म्हणाला, माझ्याकडून एक गुन्हा झाला, तुमच्याकडून तीन. गुपित हुडकलंत, दार सोडून भिंतीवरून आलात, परवानगी घेतली नाहीत. उमर निमूट परत गेले. इतिहासकार या कथेबद्दल काय म्हणायचं ते म्हणोत. मुसलमानांनी ती आपल्या सर्वांत कडक राज्यकर्त्याबद्दल जपून ठेवली, हे पुरेसं बोलकं आहे.

आता केळापुरातल्या शेतकऱ्याच्या घरी या. कापसाच्या या पट्ट्यात आत्महत्या झाली की घरावर दोन चौकशा चालून येतात. एक सरकारची. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, ते थकलं होतं का, हे पाहून प्रकरण पात्र की अपात्र ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये मिळतात. दुसरी चौकशी पानठेल्यावरची. प्यायचा का, पोरीच्या लग्नात किती उडवले, घरात कटकट होती का. पहिलीला निदान नियम आहेत, अपील करता येतं. दुसरीत अपील नाही. आणि पुष्कळदा दुसरीतलीच कुजबुज जबाबाच्या रूपानं पहिलीच्या कागदावर चढते. तेराव्याच्या आधी गावानं निकाल लावलेला असतो, आणि ज्या बाईला सगळं ठाऊक आहे तिला मात्र ‘आता बोलून काय उपयोग’ म्हणून गप्प केलं जातं.

यावर आक्षेप सरळ आहे. आपलं आपण पाहावं, हे शहाणपण जुलमाच्या फार सोयीचं असतं. वर्धा नदीपलीकडे पवनारला विनोबा होते. कुरआनातून वेचून ‘कुरान-सार’ काढणारा हा माणूस. डिसेंबर 1974 पासून त्यांचं वर्षभराचं मौन सुरू होतं आणि त्यातच आणीबाणी आली. मौनात असताना त्यांच्या नावावर ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द लागले, सरकारनं ते मिरवले आणि टीकाकारांनी त्यांना सरकारी संत म्हटलं. टीका कठोर होती, पण निराधार नव्हती.

इस्लामी परंपरेला हा धोका पहिल्या पिढीतच दिसला होता. आपल्या जिवाची काळजी घ्या, वाट चुकलेला तुमचं काही बिघडवू शकत नाही, अशा अर्थाची एक आयत कुरआनात आहे. पहिले खलिफा अबू बक्र यांनी लोकांना सुनावलं की तुम्ही ही आयत भलत्या ठिकाणी लावता. जुलमी दिसूनही त्याचा हात न धरणाऱ्या सगळ्यांवरच शिक्षा ओढवते. शिवाय वाईटाची उघड वाच्यता देवाला आवडत नाही, असं सांगणारी आयत लगेच अपवाद करते तो ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा. म्हणजे संयमाचं ओझं बघ्यावर आहे, सोसणाऱ्यावर नाही. आपण ते नेमकं उलटं लादलं आहे.

2014 च्या कायद्यानं महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. तेव्हा शेजाऱ्यांना विनंती एवढीच. जबाब द्यायची वेळ आली, तर अंगणात वसुलीला कोण येत होतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं न भिता सांगा. नवरा-बायकोत काय झालं, हे भिंतीपलीकडून ऐकलेलं पोटात ठेवा. ते सांगायचं की नाही, हे त्या बाईला ठरवू द्या.