जिंकल्यानंतरची कसोटी

परवा इतिहासाच्या तासाला वर्गात वाद पेटला: युद्ध कधी न्याय्य असतं का? सरांनी उत्तर न देता पांडवलेण्यांतल्या एका शिलालेखाकडे बोट दाखवलं.

नाशिकच्या 3 क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला तो लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीत राजमाता गौतमी बलश्रीने ते लेणं बौद्ध भिक्षूंना दान दिलं. लेखात ती मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती गाते: त्याने शक, यवन, पल्हवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश उखडला. आणि त्याच लेखात म्हणते, अपराधी शत्रूचीही हिंसा त्याला रुचत नसे.

या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. तरी मला यात मोठा दिलासा वाटतो. विजयाच्या भरातही त्या आईला मुलाची दया सांगावीशी वाटली. नुसतं जिंकणं तिला पुरेसं वाटलं नाही.

घर राखायला शस्त्र उचलावं लागतं, हे मला पटतं. पण शरण आलेल्याशी, निःशस्त्र माणसाशी, लहान मुलांशी आपण कसे वागलो, यावरच लढाईचा न्याय ठरतो. युद्धाची बातमी ऐकताना कोण जिंकलं, हे विचारण्याआधी कोण कसं वागलं, हे आपण विचारू या.