खटका आणि विवेक

आत्मरक्षणासाठीं शस्त्र बाळगावें कीं नाहीं हा वाद जुना आहे, आणि त्याचा निकाल येथें लावावयाचा नाहीं. परंतु ज्यानें तें बाळगण्याचें ठरविलें, त्याच्यापुढें लगेच दुसरा, दिसावयास लहान पण विचारास मोठा असा प्रश्न उभा राहतो. आपल्या पिस्तुलास हातानें लावावयाचा सुरक्षेचा खटका असावा कीं नसावा? अमेरिकेंत सामान्य नागरिकाच्या घरीं पिस्तूल असणें नवलाचें नाहीं. तेथें या प्रश्नावर जाणत्या मंडळींत वर्षानुवर्षें मतभेद चालू आहे. वरवर पाहतां हा यंत्राचा प्रश्न वाटतो. थोडें खोल गेल्यास तो नीतीचा आहे असें दिसून येईल.

प्रथम यंत्राची बाजू पाहूं. जॉन ब्राउनिंग यानें रचिलेलें जें पिस्तूल अमेरिकन सैन्यानें १९११ सालीं स्वीकारलें, त्यांत अशा दोन योजना होत्या. एक मुठीच्या मागील बाजूस. मूठ नीट आवळून धरल्याशिवाय गोळी सुटावयाची नाहीं. दुसरी म्हणजे अंगठ्यानें वरखालीं करावयाचा खटका. हा घोडेस्वार दलाच्या आग्रहावरून बसविण्यांत आला. एक हात लगामांत गुंतलेल्या स्वारास भरलेलें पिस्तूल उरलेल्या एकाच हातानें निर्धोक करतां यावें, हा त्यांतील हेतु. याच्या उलट, ऑस्ट्रियाच्या सैन्यानें १९८२ सालीं घेतलेल्या ग्लॉक पिस्तुलास अंगठ्याचा खटका मुळींच नाहीं. त्याच्या चापावरच एक लहानशी पट्टी आहे. ती दाबली गेल्यावांचून चाप मागें येत नाहीं, आणि पिस्तूल हातांतून पडलें तर गोळी उडूं नये म्हणून आंत अडसर आहेत. पुढें २०१७ सालीं अमेरिकन सैन्यानें नवें पिस्तूल निवडलें, तें पुन्हां अंगठ्याचा खटका असलेलें. शतक लोटलें तरी शहाण्यांचें एकमत झालें नाहीं, यावरून दोन्ही पक्षांत कांहीं तथ्य असलें पाहिजे.

खटका नको म्हणणारे म्हणतात कीं, संकट क्षणाचें असतें. भीतीनें हात थरथरत असतां बोटांचें बारीक काम माणसास साधत नाहीं. त्या वेळीं खटका काढावयाचा राहिला तर शस्त्र असून नसल्यासारखें. शिवाय खटक्याच्या भरंवशावर माणूस निष्काळजी होतो. खरी सुरक्षितता बोटाच्या शिस्तींत आहे. दुसरा पक्ष उत्तर देतो कीं, संकटाचा क्षण पुष्कळांच्या आयुष्यांत एकदांहि येत नाहीं, पण शस्त्र हाताळणें रोजचें आहे. तें म्यानांत घालतांना सदऱ्याचें टोक चापांत अडकलें, तर बोटाची शिस्त काय करणार?

म्हणजे चुका दोन, आणि दोन्ही घातक: नको तेव्हां गोळी सुटणें आणि हवी तेव्हां न सुटणें. माझ्या मतें, यांपैकीं कोणती अधिक वेळां घडेल एवढेंच पाहून भागत नाहीं. तिचें फळ कोण भोगणार हेंहि पाहिलें पाहिजे. दुसऱ्या चुकीचा धोका मुख्यतः शस्त्र बाळगणाऱ्यासच असतो, आणि तो त्यानें जाणूनबुजून पत्करलेला असतो. पहिल्या चुकीचा बळी मात्र भिंतीपलीकडचा शेजारी होऊं शकतो. त्याची संमति कोणीं विचारलेलीहि नसते. स्वतःच्या जिवावर धोका पत्करण्याचा अधिकार माणसास आहे. दुसऱ्याच्या जिवावर नाहीं.

यावर कोणी म्हणेल, रक्षणकर्ता चुकला तर त्याचीं बायकामुलेंहि संकटांत पडतील. आक्षेप खरा आहे. परंतु त्यावर उपाय सरावाचा आहे. पिस्तूल उचलतांच अंगठा आपोआप खटक्यावर जावा इतका सराव ज्यानें केला, त्यास खटका आड येण्याचा संभव थोडा. आणि तितका सराव करण्यास ज्यास सवड नाहीं, त्याच्या बोटाच्या शिस्तीवर तरी शेजाऱ्यानें कां विसंबावें?

तथापि खटक्याची योग्यता आहे त्याहून मोठी मानूं नये. मोठ्या माणसाच्या अंगठ्यानें उघडणारा खटका मुलाच्या अंगठ्यानेंहि उघडूं शकतो. म्हणून घरांत प्रश्न कुलपाचा आहे. वॉशिंग्टन शहराच्या कायद्याप्रमाणें घरांतील बंदूक रिकामी करून, तिचे भाग सुटे करून किंवा चापास कुलूप लावून ठेवावी लागे. २००८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांचास चार मतांनीं ही सक्ति घटनाबाह्य ठरविली. कारण तिच्यामुळें आत्मरक्षणाचा हेतूच विफल होतो. निर्णय सक्तीपुरता आहे. कुलूप लावूं नये, असें न्यायालयानें कोठें म्हटलेलें नाहीं. कायदा जेथें मागें सरतो, तेथें विवेकाचें काम वाढतें, एवढाच याचा अर्थ.

खटका नसलेलें शस्त्र निवडणाऱ्यास मी सरसकट दोष देणार नाहीं. कसलेला हात आणि चाप पुरता झांकणारें कठीण म्यान यांची जोड ज्यास आहे, त्याचें समर्थन होऊं शकतें. मात्र निवड करण्यापूर्वीं त्यानें, आपण वाचविलेल्या एका क्षणाची किंमत कोणाच्या जिवानें चुकती होऊं शकेल, याचा हिशेब प्रामाणिकपणें मांडावा. तो मांडतांना घरांतील मूल आणि शेजारचें कुटुंब यांस त्यानें वगळूं नये.