त्यानेच सांगितलंय ना!

वाद ऐन रंगात आलेला असतो. दोन्ही बाजूंचे आवाज चढलेले असतात, कुणीच मागे हटायला तयार नसतं, आणि तेवढ्यात एखादा गृहस्थ शांतपणे म्हणतो, "अहो, पण त्याने स्वतःच कॉमेंटरीत सांगितलंय ना!" झालं. वरच्या कोर्टाचा निकाल आला. आता चहा मागवायचा आणि विषय बदलायचा.

हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे, पण ते जिव्हारी लागलं 'फायरफ्लाय'मधल्या 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस' या भागावरच्या गप्पांत. आमचे एक स्नेही या मालिकेचे निष्ठावंत. मी म्हणत होतो, हा भाग माणसाला वस्तू समजण्याविषयी आहे. ते म्हणाले, छे, तो अस्तित्ववादाविषयी आहे. का? तर भाग लिहिणाऱ्या आणि दिग्दर्शित करणाऱ्या जॉस वीडनने डीव्हीडीवरच्या कॉमेंटरीत, म्हणजे भाग चालू असताना सोबत ऐकू येणाऱ्या भाष्यात, तसं सांगून ठेवलं आहे.

मालिकेची कर्मकथा चाहत्यांना पाठ आहे. इतरांसाठी चार ओळी. २००२ साली अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ती सुरू झाली. चौदा भाग तयार झाले, त्यांतले अकरा भलत्याच क्रमाने दाखवले गेले आणि मालिका गुंडाळली गेली. पुढच्या डिसेंबरात डीव्हीडी-संच आला, तो हातोहात खपला, आणि २००५ मध्ये 'सेरेनिटी' हा चित्रपटही निघाला. अवकाशातल्या यादवी युद्धात हरलेला एक सैनिक, माल रेनॉल्ड्स, त्याचं 'सेरेनिटी' नावाचं मालवाहू यान आणि त्यावरची भली-बुरी माणसं, असा हा संसार. त्यात सायमन हा सर्जन आणि त्याची बहीण रिव्हर. सरकारी प्रयोगशाळेने रिव्हरच्या मेंदूची चिरफाड केलेली. भावाने तिला तिथून पळवून आणलेलं. तिला लोकांच्या मनातलं ऐकू येतं, आणि तिचं बोलणं कुणालाच धड कळत नाही.

'ऑब्जेक्ट्स इन स्पेस'च्या सुरुवातीला ही मुलगी अनवाणी यानभर फिरते. मालाच्या कोठारात तिला जमिनीवर पाचोळा आणि काटक्या पसरलेल्या दिसतात. ती एक काटकी उचलते, कौतुकाने न्याहाळते, आणि पुढच्याच क्षणी सगळे तिच्यावर ओरडत असतात, कारण तिच्या हातात भरलेलं पिस्तूल आहे. मग खलबत सुरू होतं: हिला यानावर ठेवायचं की नाही? हिने मागे डोळे मिटून तीन माणसं टिपली होती, हे यानाची मेकॅनिक केली हिने पाहिलेलं आहे. खलबत चालू असतानाच जुबाल अर्ली हा बक्षिसासाठी माणसं पकडणारा शिकारी यानात शिरतो. तो एकेकाला गाठतो, मारतो, कोंडतो, आणि मधूनच तत्त्वज्ञान सांगतो. रिव्हरच्या रिकाम्या खोलीत उभा राहून तो विचारतो की ती इथे नसताना ही खोली तिचीच राहते का? सायमनला सुनावतो की ज्याला गोळी लागलेली नाही त्याने सर्जन होऊच नये, कारण वेदना काय ते त्याला ठाऊक नसतं. शेवटी यानाच्या ध्वनिक्षेपकावरून रिव्हरचा आवाज येतो. मी यानात नाही, ती सांगते, मी विरघळले, मी आता यानच झाले. निर्ढावलेला अर्लीही घटकाभर ते खरं मानतो. तोवर ती त्याच्याच यानात जाऊन बसलेली असते.

आता कॉमेंटरी. वीडन एकटाच बोलतो. किशोरवयात पाहिलेला स्पीलबर्गचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' हा चित्रपट, त्याने मनाला बसलेला हादरा, आणि त्यानंतर हाती आलेली सार्त्रची 'नॉशिया' ही कादंबरी. १९३८ सालच्या त्या कादंबरीत रोकाँताँ नावाचा माणूस बागेत चेस्टनटच्या झाडाचं मूळ पाहत बसतो आणि त्या मुळावरून त्याचं नाव, उपयोग, ओळख सगळं गळून पडतं. उरतं ते नुसतं असणं. वीडनच्या मते रिव्हर आणि अर्ली दोघांनाही वस्तू अशाच दिसतात, अर्थाचं लेबल न लावलेल्या. फरक एवढाच की ती त्यांच्यात माया ओतू शकते, तो नाही.

ऐकायला हे फार सुंदर आहे. मग माझी तक्रार काय?

तक्रार अशी की साक्षीदार आणि न्यायाधीश यांत आपण फरक करत नाही. याच संचात दुसऱ्या भागांच्या कॉमेंटऱ्या आहेत. 'शिन्डिग' या भागावर लेखिका आणि अभिनेत्रीबरोबर वेशभूषाकार शॉना ट्रप्चिकही बोलते. कपड्याविषयी ती जे सांगते ते मी निमूट ऐकतो. कापड तिच्या हाताखालून गेलेलं, ती साक्षीदार. 'वॉर स्टोरीज'वर नेथन फिलियन आणि ॲलन ट्यूडिक हे दोघे नट नुसता दंगा करतात. तेही साक्षीदारच, चित्रीकरणाच्या दिवसांतल्या मजेचे. पण "याचा अर्थ हा" असं कुणी म्हणू लागला, की तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उठून न्यायासनावर जाऊन बसतो. हे काम कसं झालं ते करणाऱ्यालाच विचारावं. त्यातून काय झालं, हे सांगताना त्याचं एकच मत धरावं, आपल्या मताइतकंच. लेखक मेला की जिवंत आहे, ही चर्चा वाचकाने पूर्वी भरपूर ऐकलेली आहे. ती पुन्हा उकरत नाही.

माझ्या बाजूचा पुरावाही काही कमी नाही. रिव्हर या मालिकेत प्रथम येते ती एका पेटीतून. 'सेरेनिटी' नावाच्या मूळ पहिल्या भागात सायमन तिला गोठवून, पेटीत बंद करून, सामान म्हणून यानावर चढवतो; माल ती पेटी उघडतो तेव्हा आत मुलगी निघते. म्हणजे ती आली तीच माल म्हणून. सरकारला ती हत्यार म्हणून हवी, अर्लीला बक्षिसासाठी. आणि 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस'मध्ये ती काय म्हणते? मी यान आहे. जिला माल म्हणून वाहून आणलं, ती वाहणारं यान होते! एवढा सरळ प्रवास डोळ्यांसमोर असताना फ्रान्समधल्या चेस्टनटच्या मुळाशी जायचं कशाला? शिवाय याच भागात अर्ली इंजिनच्या खोलीत केलीला गाठतो आणि बलात्काराची धमकी देतो, तीही इतक्या थंडपणे की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. वस्तूंचा अर्थ वगैरे तिथे कुठे राहिला? तिथे एक माणूस एका मुलीला वस्तू करून टाकतो आहे. आणि खुद्द अर्लीचं नाव? जुबाल अर्ली हा अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला सेनापती, पराभवानंतर त्या पराभवाचं उदात्तीकरण करणाऱ्यांत अग्रेसर. त्याचं नाव एका माणसं पकडणाऱ्या शिकाऱ्याला, आणि भूमिका रिचर्ड ब्रुक्स या कृष्णवर्णीय नटाकडे. माणसाला माल समजण्याचा इतिहास या नावातच बसलेला आहे. सार्त्रचा चष्मा लावला की हे सगळं धूसर होतं.

स्नेह्यांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे, पण हे तुमचं झालं. त्याला असं म्हणायचं नव्हतं." त्याला काय म्हणायचं नव्हतं हे यांना कुणी सांगितलं? एखाद्याने एक गोष्ट सांगितली म्हणून दुसरी नाकारली असं होतं का? शिवाय फॉक्सचा प्रताप पाहा. 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस' १३ डिसेंबर २००२ रोजी दाखवला, आणि मूळ पहिला भाग त्यानंतर आठवड्याने, २० डिसेंबरला. म्हणजे त्या प्रेक्षकांनी मुलगी यान होताना आधी पाहिली आणि पेटीतून निघताना नंतर. भाग कोणत्या क्रमाने दाखवायचे, हे जिथे करणाऱ्याच्या हातात राहिलं नाही, तिथे अर्थ तेवढा त्याच्या मुठीत शाबूत राहिला म्हणायचं?

थोडं आडवळण घेतो. कॉमेंटरी हा प्रकार सुरू झाला तेव्हा बोलणारा कर्ता नव्हताच. १९८४ साली क्रायटेरियन कंपनीने १९३३ चा 'किंग काँग' लेसरडिस्कवर आणला आणि जादा ध्वनिपट्टीवर रोनाल्ड हेवर या चित्रपट-अभ्यासकाला बोलायला बसवलं. पडद्यावर चित्रपट चालू, आणि कानाशी एक जाणकार माणूस प्रेमाने माहिती देतो आहे. आपल्याकडची परंपराही बरीचशी अशीच. कालिदासाने 'मेघदूत' लिहून ठेवलं, समजावत बसला नाही; मल्लिनाथाची 'संजीवनी' आली ती सुमारे हजार वर्षांनी. काही ग्रंथकारांनी आपल्याच ग्रंथावर स्वोपज्ञ वृत्ती लिहिल्या हे खरं. हेमचंद्राने आपल्या 'योगशास्त्रा'वर लिहिली. पण ते शास्त्र. तिथे सूत्र आखडतं लिहायचं आणि वृत्तीत उलगडायचं, ही पद्धतच होती. काव्यावर मल्लिनाथासारख्या परक्यानेच बोलावं, यात मला नेहमी एक शहाणपण दिसत आलं आहे.

पण इथेच माझी गाडी अडते. मल्लिनाथ परका खरा, पण भिडस्त मुळीच नव्हता. तो ठासून सांगतो, आधीच्या टीकाकारांचे दोष काढतो, आणि म्हणूनच त्याच्यानंतरच्यांना त्याच्याशी भांडता आलं. मग ठासून सांगणारा परका असला तर मला चालतो आणि कर्ता असला तर खटकतो, असं का? आणि मी मघाशी एवढ्या तावातावाने मांडलेला तो पेटी-ते-यान प्रवास मला सुचला कधी? कॉमेंटरी ऐकताना. वीडन वस्तूंच्या अर्थावर बोलत होता, पडद्यावर रिव्हरचे अनवाणी पाय यानाच्या लोखंडावर पडत होते, आणि 'वस्तू' हा शब्द त्याने इतका घोटला की मला ती पेटी आठवली. त्याने सार्त्र पुढे केला नसता तर मी दुसरं काही पुढे केलंच नसतं. "सुरेख भाग होता" म्हणून झोपी गेलो असतो.

आणि तो बोलला तरी काय? आपल्या चित्रीकरणाच्या हकिकती थोड्या, आणि एका दुसऱ्याच दिग्दर्शकाच्या चित्रपटाने आणि एका कादंबरीने आपलं काय केलं हे पुष्कळ. चाहते दुसरं काय करतात? स्पीलबर्ग आणि सार्त्र यांचा एक भक्त पाऊण तास बोलला, आणि योगायोगाने पडद्यावरचा भाग त्याचाच होता.

तेव्हा साक्षीदार आणि न्यायाधीश या दोन खुर्च्या पुरत नाहीत. तिसरा माणूसही कोर्टात असतो: वकील. वकिलाने एक बाजू घ्यायची असते, तीही पूर्ण. त्याच्याकडून तटस्थपणा मागणं हा त्याच्या पेशाचा अपमान. आणि कॉमेंटरीत वकिलाची जी पंचाईत होते, ती मला फार मोलाची वाटते. तो बोलत असताना पुरावा थांबत नाही. मुलाखतीत माणूस वाटेल ते सांगून जातो. लेख लिहिताना सोयीचे प्रसंग निवडतो. इथे मात्र चित्रं त्याच्या नाकासमोरून आपल्या वेगाने जात असतात. अर्लीचं तत्त्वज्ञान उलगडायचं तर केलीच्या धमकीचा प्रसंगही पडद्यावर येणारच. वकिलाचा युक्तिवाद जिथे तोकडा पडतो, ती जागा ऐकणाऱ्याला त्याच क्षणी दिसते.

यातून स्नेह्यांच्या वाक्यातली चूकही नीट दिसते. त्यांनी वकिलाच्या भाषणाला निकालपत्र समजलं. मी मघाशी केलं ते त्याच्या उलट टोकाचं: वकिलाला म्हणालो, तू फक्त घडलेलं सांग, युक्तिवाद करू नकोस. दोन्हींत खटला चालतच नाही.

पुढे २०२० आणि २०२१ मध्ये वीडनबरोबर काम केलेल्या काही कलाकारांनी त्याच्या वागणुकीविषयी जाहीर तक्रारी केल्या, आणि त्याचा शब्द प्रमाण मानणाऱ्या कित्येकांनी तोंड फिरवलं. तक्रारींचं गांभीर्य वेगळं, त्याचा निवाडा या भागाच्या अर्थात व्हायचा नाही. पण ज्यांनी त्याला न्यायासनावर बसवलं होतं, त्यांचे सगळे निकालच एका दिवसात बाद झाले, हे लक्षात घेण्याजोगं आहे. ज्यांनी त्याच्याशी आधीपासून वाद घातला होता, त्यांच्याकडे त्या भागाविषयी स्वतःचं काहीतरी शिल्लक राहिलं.

म्हणून आता माझी मागणी सुरुवातीला होती त्याच्या उलट झाली आहे. कर्त्याने बोलावं. भरपूर बोलावं, हट्टाने बोलावं, चुकीचंही बोलावं. ज्याची मला धास्ती वाटते तो निराळा: नव्या मालिकेच्या जाहिरातीपुरत्या चार मिनिटांच्या मुलाखतीत हसून म्हणणारा, "अर्थ प्रेक्षकांनीच ठरवावा." ऐकायला नम्र, पण यात नम्रता कसली? कामाशेजारी बसून, एकेक प्रसंग समोर जात असताना आपली बाजू लढवायची त्याची तयारी नाही, एवढंच. डीव्हीडी मागे पडल्या, घरबसल्या मालिका पाहायच्या सेवांवर कॉमेंटरी क्वचितच मिळते, आणि याची कुणी फारशी खंत करत नाही. मला खंत आहे. कर्ता गप्प बसला म्हणजे प्रेक्षक आपोआप मोकळा होत नाही. बहुतेक वेळा तोही गप्पच बसतो. खोडून काढण्याजोगं काही समोर असावं लागतं, आणि ते पुरवण्याइतकी बेडरता कामाच्या कर्त्याकडे नसेल, तर ती दुसऱ्या कुणी दाखवावी अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?