खटका

मी निर्व्यसनी आहे हे मला कुणाला सांगावे लागत नाही. पाच मिनिटे माझ्याशी बोलले की समोरच्याला ते आपोआप कळते. निर्व्यसनी माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे तेज असते म्हणतात. आमच्या हिच्या मते ते तेज नसून आंबटपणा आहे. ते असो. सांगायचे ते असे, की अडुसष्ट वर्षांत ज्याच्या पोटात चहापेक्षा जहाल काही गेले नाही अशा माणसाने अमेरिकेत, ओहायो राज्यात, पुतण्याच्या गॅरेजमध्ये बसून बिअरच्या भट्टीचे वायरिंग केले. तो माणूस मी. आणि संयम म्हणजे काय, हे मला तिथे प्रथम कळले.

हा पुतण्या म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याच्याच लग्नात, आदल्या रात्री, लॉजच्या गच्चीवर धाकटा मला बिअरचा ग्लास हातात घेतलेला दिसला. एकच ग्लास. तोही अर्धा. वीस माणसांदेखत मी त्याला बोललो. त्या ग्लासाबद्दल बोललो असतो तर एक वेळ चालले असते. पण मी सुरुवात केली ती शाळेत असताना त्याने हरवलेल्या माझ्या कंपासपेटीपासून. ग्लासापर्यंत पोचायला मला पाऊण तास लागला. त्या रात्री आमचा जो खटका उडाला, तो नऊ वर्षे खाली आला नाही.

पुतण्याने मात्र काका-काकूंवरची माया सोडली नाही. त्याने तिकिटे पाठवली आणि आम्ही गेलो. दुसऱ्याच दिवशी तो मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथे हंड्याएवढी तीन स्टीलची भांडी मांडलेली होती आणि शेजारी एक रिकामी पत्र्याची पेटी.

"काका, याचं कंट्रोल पॅनेल करायचंय. बिअरसाठी."

"अरे, पण पोलीस?" मी दबक्या आवाजात विचारले. आमच्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा. प्यायलासुद्धा परवाना लागतो, तिथे गाळायची गोष्टच सोडा. त्यावर त्याने सांगितले की इथे १९७८ साली कार्टरसाहेबांनी सही केली आणि पुढच्या वर्षापासून घरी बिअर करायला देशाच्या कायद्याची हरकत राहिली नाही. मात्र विकायची नाही. घरात दोन मोठी माणसे असली तर वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. मे महिन्यात आमच्या सोसायटीत इतके पाणीही मिळत नाही.

दारूच्या कामाला मी हात लावणार नाही, असे मी ठणकावून सांगितले. पण माझी सगळी हयात कारखान्याच्या विद्युत विभागात गेली. पुतण्या पक्कड धरून तार सोलू लागला तेव्हा तांब्याचे निम्मे केस तारेवरून गळून पडले. माझ्यातला निर्व्यसनी आणि माझ्यातला वायरमन यांची दोन मिनिटे झटापट झाली. वायरमन जिंकला.

काम तसे देखणे होते. अमेरिकेत घरात एकशेवीस व्होल्टच्या दोन तारा येतात आणि दोन्ही मिळून दोनशेचाळीस होतात. भांड्यातली कांडी साडेपाच हजार वॅटची. ती तेवीस अँपिअर ओढणार, म्हणून तीस अँपिअरचा ब्रेकर. पाण्याशी संबंध असल्यामुळे तो ब्रेकरही असा, की पाच-सहा मिलिअँपिअर वीज वाट चुकली तरी पडतो. कांडी चालू-बंद करायला सॉलिड स्टेट रिले आणि तो तापतो म्हणून त्याच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांचा ठोकळा. या रिलेत एक खोड आहे. तो बिघडला की बहुधा बंद पडत नाही, चालूच राहतो. माझ्या ओळखीची काही माणसे अशी आहेत. म्हणून त्याच्याआधी एक साधा काँटॅक्टर बसवायचा आणि दारावर लाल छत्रीसारखा मोठा खटका. तो दाबला की सगळे ठप्प. मी मनात म्हटले, असा एक खटका त्या गच्चीवर हवा होता.

"इडलीचं पीठ आंबवायला कुणी एवढा खटाटोप करतं का?" हिने दारातून विचारले. प्रश्न रास्त होता. जवाला मोड आणून वाळवायचे, हे नाचणीचे सत्त्व करणाऱ्या बाईला काय सांगायचे! पण इथे तो भरडा गरम पाण्यात तासभर ठेवायचा आणि तोही पासष्ट ते अडुसष्ट अंशांच्या दरम्यानच. तेवढ्यात पिठाची साखर होते. खालच्या अंगाला ठेवले तर बिअर कोरडी होते, वरच्या अंगाला ठेवले तर जड, गोडसर. फारच तापले तर साखर करणारे द्रव्यच मरते.

पहिली चाचणी नुसत्या पाण्यावर घेतली. कंट्रोलरवर सदुसष्टचा आकडा लावला. पाणी तापत तापत सदुसष्टला आले आणि थांबलेच नाही, बहात्तरपर्यंत गेले. मी वायरिंग पुन्हा तपासले. वायरिंग बरोबर होते, यात मला शंका नव्हतीच.

"वायरिंग नाही काका, ही आय-टर्म आहे," पुतण्या म्हणाला. मग त्याने समजावून सांगितले. कंट्रोलर तीन गोष्टी बघतो. आत्ता किती कमी आहे, ही पहिली. आजवर किती कमी पडत आले त्याची बेरीज, ही दुसरी. आणि कल कुठे चाललाय, ही तिसरी. वर्तमान, भूत आणि भविष्य. गार पाणी तापायला वेळ लागतो. कांडी तर आधीच पूर्ण जोरात चालू असते. तेवढ्या वेळात दुसऱ्या खात्यात मागची बाकी साचत राहते. पाणी सदुसष्टला पोचले तरी ती साचलेली बाकी म्हणते, अजून, अजून!

मी खुर्चीवर बसलो. पाणी बहात्तरला होते आणि मला कंपासपेटी दिसत होती.

"मग ते मागचं खातं काढूनच टाक ना," मी म्हणालो.

"तसं नाही चालत. ते काढलं तर पाणी कायम एखाददोन अंश खालीच रेंगाळतं. मागचं मोजावं लागतंच. फक्त आग पूर्ण जोरात असताना मोजायचं नाही."

वाचकहो, मागचे विसरून जावे असे आपल्याला थोर लोक सांगत आले आणि ते जमत नाही म्हणून आपण मनातल्या मनात ओशाळत आलो. त्या पत्र्याच्या पेटीचे म्हणणे वेगळे होते. विसरू नका, पण तापलेले असताना हिशेब काढू नका. हे मला तरी जमण्यासारखे वाटले. नऊ वर्षे उशिरा वाटले, हा भाग निराळा.

आणि माझ्या संयमाचे काय? रात्री झोप येईना तेव्हा मी याचाही विचार केला. दारू मी कधी प्यालो नाही हे खरे. पण ती प्यावीशी मला कधी वाटलीच नव्हती. गॅसवर न ठेवलेले दूध उतू गेले नाही, तर त्याबद्दल दुधाचा सत्कार करत नाहीत. माझी आच होती ती जिभेखाली आणि तिथे माझा रिले सदैव चालू! उलट धाकटा जन्मभर अर्ध्या ग्लासावर थांबत आला होता. दोघांत संयमी कोण, याचे उत्तर मला आवडले नाही. म्हणून ते बरोबर असावे.

पुढच्या रविवारी खरा घाणा घातला. पुतण्याचे दोन्ही हात पिठात होते आणि मी एप्रन बांधून लाकडी उलथन्याने भरडा ढवळत होतो. दारूच्या कामाला हात न लावण्याची प्रतिज्ञा कुठल्या क्षणी मोडली ते आता आठवत नाही. इतक्यात फोन वाजला.

"काका, जरा घ्या ना!"

घेतला. पडद्यावर धाकटा. केस पार पांढरे झालेले. तो माझ्याकडे, एप्रनकडे, उलथन्याकडे बघत राहिला.

"दादा, तू? बिअर?"

"नुसतं ढवळतोय," मी म्हणालो.

मग दोघेही गप्प. शेवटी मीच म्हणालो, "त्या कंपासपेटीचं मी बोलायला नको होतं."

"ती हरवली नव्हती रे. मी विकली होती. बारा आण्याला."

"आणि पैसे?"

"भेळ. दोघांनी खाल्ली की! तू तर वर पुरी मागून घेतलीस."

मला ती भेळ आठवली. हिशेबाच्या वहीत हे पान कुणी चिकटवून ठेवले होते देव जाणे.

"काका, आकडा बघा!" पुतण्या ओरडला. बोलण्याच्या नादात माझे ढवळायचे राहिले होते. पॅनेलवर अडुसष्टच्या पुढे काटा सरकत होता.

"काय झालं?" धाकट्याने विचारले.

"सदुसष्ट ठेवायचं होतं. वर गेलं. गोड होते म्हणे."

"मग होऊ दे की थोडी," तो म्हणाला.

मी उलथने उचलले. लाल खटका हाताशीच होता, पण दाबला नाही.